सोन्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ

भोगी झाली की सोलापुरातल्या थंडीला जरा धिटाई येते. एरवी ती पाहुण्यासारखी पहाटे दारात उभी राहते आणि ऊन वर आलं की न सांगता निघून जाते. पण जानेवारीच्या मधल्या दिवसांत ती गल्लीत रेंगाळते. चुलीपुढची जागा सगळ्यांना हवीशी वाटते. मी पहाटे भाकरी थापायला बसते तेव्हा परातीतलं ज्वारीचं पीठ बोटांना गार लागतं. त्यात आधणाचं पाणी ओतलं की वाफ वर येते, आणि आखडलेली बोटं सैल होतात. शेजारचे यंत्रमाग रात्रभर खटखटतच असतात. थंडीत त्यांचा आवाज भिंतीला टेकून बसल्यासारखा जवळचा वाटतो.

मी कडक भाकरी करते. पातळ थापायची, दोन्ही अंगांनी भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, तिच्यातला ओलावा निघून जाईपर्यंत. नीट जमलेली भाकरी बोटानं वाजवली की ताटलीसारखी वाजते. माझ्या भाकऱ्या नव्या पेठेतल्या एका दुकानात जातात. दुकानदार मोजून घेतो, मी मान हलवते, तोही मान हलवतो. इतक्या वर्षांत आमच्यात याहून जास्त बोलणं झालेलं नाही, आणि त्यात दोघांचंही काही बिघडलेलं नाही.

काल भाकऱ्यांचा डबा घेऊन दुकानाकडे निघाले होते. चौकात कॉलेजची बस उभी होती. शाळेच्या गणवेशातली मुलं-मुली तिच्यात चढत होती. प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड होतं. एक मुलगी सगळ्यांच्या मागे थांबली होती. कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मला वाटलं, हिला ओळखते मी. ही माझ्या घरातून सहा वर्षांपूर्वी अशीच निघाली होती.

माझी लेक अंबिका तेव्हा नववीत होती. गड्डा, आमची संक्रांतीची जत्रा, नुकताच उठला होता. पाळणे उतरवले होते, पण मैदानावरची धूळ अजून हवेत होती आणि केसांतून, कपड्यांतून घरी येत होती. शाळेतले विज्ञानाचे माळी सर एका दुपारी घरी आले. आमच्याकडे मास्तर घरी येणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. मी पदर सारखा करून दाराआड उभी राहिले. सर म्हणाले, पुणे रस्त्याकडच्या कॉलेजात पाच दिवसांचं शिबिर आहे, वेगवेगळ्या शाळांतली मुलं येणार आहेत, नॅनो तंत्रज्ञान म्हणजे काय ते शिकवणार आहेत, आणि आमच्या शाळेतून अंबिकाचं नाव दिलं आहे.

“वर्गात ती तोंड उघडत नाही,” सर हसत म्हणाले, “पण कागदावर लई बोलते.”

मला ते फार आवडलं होतं. कुणीतरी माझ्या मुलीचं गप्प बसणं नीट पाहिलं होतं, आणि त्यामागे काहीतरी आहे असं त्यांना वाटलं होतं.

पहिल्या दिवशी ती शिबिरातून आली ती थेट माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“आई, हलू नको.”

आणि माझा एक केस उपटला.

“अगं ए, काय गं?”

तिनं केस उजेडाकडे धरला. “हा किती जाड हाय?”

“केसाला कसली जाडी?”

“ह्याच्या जाडीचे लाखभर भाग करायचे. त्यातला एक भाग म्हंजे नॅनोमीटर.”

हे बाजूला चहा पीत बसले होते. म्हणाले, “आमच्या मालकाला दाखव की त्यो भाग. पगारवाढ तेवढीच देतोय त्यो.”

अंबिका हसली. मीही हसले. पण रात्रभर तो केस माझ्या डोक्यातून जाईना. इतकं बारीक कोण बघत असेल? आणि बघून काय करत असेल? सकाळी पीठ चाळताना खिडकीतून उन्हाची तिरीप आली आणि पिठाचे कण तिच्यात तरंगताना दिसले. आजवर मी ते हातानं बाजूला सारत आले होते. त्या दिवशी थांबले. यातल्या एका कणाच्या आतही कितीतरी आणखी बारीक असेल, आणि त्याच्याही आत. चाळणी हातात तशीच राहिली आणि तव्यावरची भाकरी करपली. करपलेली भाकरी ह्यांनी खाल्ली.

ह्यांच्याबद्दल लिहायचं तर हातांपासून लिहावं लागेल. हे सूत रंगवायच्या कारखान्यात काम करतात. आम्ही त्याला डाईंग म्हणतो. मोठ्या टाक्यांत उकळतं रंगाचं पाणी असतं आणि त्यात सुताच्या लडी बुडवायच्या, हलवायच्या, काढायच्या. टॉवेल आणि चादरी ज्या रंगाच्या निघणार असतील त्या रंगाचे हात घेऊन हे संध्याकाळी घरी येतात. अंबिका लहान असताना दारात बसून ओळखायची, आज हिरवा, आज किरमिजी. नखांच्या कडेचा रंग मात्र कधीच जात नाही. तिथं सगळे रंग एकावर एक बसून काळे झालेत. लग्नाकार्यात हे जेवायला बसले की डावा हात मांडीखाली ठेवतात.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी विषय काढला. अंबिका पाण्याला गेली होती.

“दहावी झाली की तिला शिलाईच्या क्लासला घालू. घरी बसून टॉवेलला शिलाई मारंल. डोस्क्याला ताप न्हाय.”

“सर म्हणतात सायन्सला घाला.”

“सर म्हणणारच की. सायन्स बोलणाऱ्या पोरांचं काम हाय. हिला तोंड कुटं हाय? उद्या चार लोकांत कुणी काय इचारलं, ही खाली मान घालून हुबी राहणार. लोकं हसत्यात गं. मला हसल्यालं चालतंय. तिला हसल्यालं मला बघवायचं न्हाय.”

रागानं बोलले असते तर मी कदाचित काही बोलले असते. पण ते मायेनं बोलले होते, आणि मायेपुढे काय बोलायचं ते मला कधीच सुचत नाही. शेवटी मी एवढंच म्हणाले, “शिबिर होऊ द्या. मग ठरवा.”

हे म्हणाले, “बरं. शेवटच्या दिवशी म्हणं प्रत्येक पोराला पुढं येऊन सांगायचंय. चार शब्द बोलली तिथं, तर बघू.”

चार शब्द. अंबिकानं ते दाराशी ऐकलं होतं. घागर खाली ठेवताना पाणी उंबऱ्यावर सांडलं.

ते गप्प बसणं तिनं माझ्याकडून घेतलं होतं. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कन्नड, शाळा मराठी. मी बोलले की शब्द मराठी निघायचे, पण हेल कन्नड असायचा. दुसरीत असताना धडा वाचायला उभी राहिले आणि वर्ग हसला. कुणी वाईट नव्हतं, मुलंच ती. पण त्या दिवसापासून माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. चौथी झाली, आणि शाळेबरोबर तिथलं हसूही सुटलं म्हणून मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. आता कळतं, हसू सुटलं तसं बाकीचंही बरंच सुटलं. बोलायचं राहून गेलं ते मी असं दुपारी, भाकऱ्या निवायला ठेवल्यावर, लिहिते. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

त्या पाच दिवसांचे वास अजून माझ्याजवळ आहेत. शिबिरातून आलेल्या तिच्या ओढणीला येणारा साबणासारखा, औषधासारखा वास. त्या सुमाराला ह्यांच्या गावाकडून आलेल्या हुरड्याचा वास, कोवळा, धुरकट, दुधाळ. शेंगाचटणीत कुटलेल्या लसणाचा. संध्याकाळी आम्ही तिघं चुलीजवळ बसायचो आणि अंबिका हुरड्याचे दाणे तोंडात टाकत दिवसभराचं सांगायची. घरात ती बोलायची. चुलीपुढं तिच्याइतकं बोलणारं कुणी नव्हतं.

एके दिवशी शिबिर घेणाऱ्या मॅडमनी अळूचं पान आणायला सांगितलं होतं. आमच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एक पान ती घेऊन गेली. लॅबमध्ये त्याच्यावर पाणी टाकलं. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळून गेले, पान कोरडंच. अळू कोरडा राहतो हे मला काय नवीन होतं? वड्या करताना पीठ चिकटत नाही म्हणून मी त्याला किती नावं ठेवली असतील. पण त्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, पाणी त्यांच्या टोकांवरच तरंगतं, आणि ते पाहून माणसं न भिजणारं कापड करतात, हे तिनं सांगितलं तेव्हा मी मोरीकडे गेले आणि पानांवरून हात फिरवून आले. पान होतं तसंच मऊ लागलं. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं, घरातल्या थोरल्या माणसाला इतके दिवस ओळखलंच नाही असं.

तिसऱ्या दिवशी एक ताई आल्या होत्या. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात लॅबमध्ये काम करणाऱ्या. विज्ञान शिकून माणूस पुढं काय काय होऊ शकतं ते सांगायला.

“पांढरा कोट घातला व्हता,” अंबिका म्हणाली. “मला वाटलं नर्स हाय. इंजेक्शन देत्यात का काय.”

“मग?” हे म्हणाले.

“त्या औषधाच्या गोळ्या तपासत्यात. गोळी पोटात किती वेळात विरघळती ते बघायचं. म्हणाल्या, कुणी पाणी शुद्ध करायच्या जाळ्या बनवतं, कुणी यंत्रं दुरुस्त करतं, कुणी कॉलेजात शिकवतं. कुणी कापडाचे रंग तपासतं.”

“रंग? आनि लॅबमधी?”

“व्हय. रंग कुटं उतरतो, का उतरतो.”

हे आपल्या हातांकडे बघत बसले. त्या दिवशी निळे होते.

“तू काय इचारलंस का त्यांना?”

अंबिकानं मान खाली घातली. “इचारणार व्हते. तोंडच उघडंना.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत लाकूड सारलं.

चौथ्या दिवशी ती धावतच घरी आली. दप्तरातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी काचेची बाटली काढली, बोटाएवढी. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. उन्हात धरलं की आरपार पेटायचं.

“ओळख काय हाय.”

“सरबत?”

“सोनं!”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“खरंच सोनं, आई. पहिलं फिकट पिवळं पाणी व्हतं, त्यात सोन्याचा क्षार. ते उकळलं, दुसरं औषध घातलं. रंग गेला. मग काळपट झालं. मग एकदम हे असं लाल! सोन्याचे कण इतके बारीक झाले ना, की सोनं पिवळं राहतच न्हाय. लाल दिसतं.”

सोनं लाल दिसतं हे आमच्या भिंतीपलीकडे ऐकू गेलं असावं, कारण नरसक्का लगेच आली. नरसक्का आमची शेजारीण, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडायला दोन्ही.

“अय्यो, बघू! हे सोनं व्हय? मग दोन थेंब दे की गं. मंगळसूत्रावर टाकते, वजन वाढंल.”

“वाढत न्हाय, नरसक्का. ह्या अख्ख्या बाटलीत रव्याच्या दाण्याएवढं बी सोनं न्हाय.”

“मग कशाला एवढं नाचायचं?” नरसक्का म्हणाली. पण बाटली परत द्यायच्या आधी तिनं ती डोळ्याजवळ नेली, एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघितली, आणि हळूच म्हणाली, “लई देखणं हाय पण.”

प्रत्येक मुलानं आपली बाटली उद्या, शेवटच्या दिवशी, परत न्यायची होती. तीच हातात धरून बोलायचं होतं. पालकांनाही बोलावलं होतं. अंबिकानं बाटली भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि माझ्याबरोबर भाकऱ्या पोचवायला आली. वाटेत ती पुटपुटत होती. काय बोलायचं ते पाठ करत होती. एका ठिकाणी अडायची, मागे जायची, परत सुरू करायची. तिनं पाठ करावं म्हणून मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घेऊन गेले.

परत आलो तेव्हा हे कामावरून आले होते. पाटावर बसले होते. पुढ्यात बाटली होती. आतलं पाणी लाल नव्हतं. जांभळट निळं झालं होतं, आणि आम्ही बघत असतानाच आणखी मळकट होत होतं.

“काय झालं?” अंबिका म्हणाली.

“रंग कच्चा वाटला गं,” हे म्हणाले. “फिका व्हता. उद्यापर्यंत उतरंल म्हणून चिमूटभर मीठ घातलं. धरतो की मिठानं.”

आमच्या गल्लीत कुणीही हेच केलं असतं. रंगाच्या टाकीत मीठ घालतात, तेव्हा रंग सुतावर चढतो. रोज मिठाची पोती रिकामी करायची हेच तर ह्यांचं काम. आम्ही बायकाही नवं लुगडं पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवतो. रंग दिसला की आमचे हात मिठाकडे जातात. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्या बापानं मुलीची बाटली बघितली असती आणि ठेवून दिली असती. ह्यांनी तिची काळजी घेतली.

अंबिका ओरडली नाही. तिनं बाटली उचलून देवळीत ठेवली, होती तिथंच. मग भिंतीकडे तोंड करून पडली. पांघरुणात तिचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. रडणंही माझ्यासारखंच, बिनआवाजाचं. जेवायला उठली नाही. बऱ्याच वेळानं पांघरुणातूनच म्हणाली, “मी उद्या जात न्हाय.”

हे ताटावर बसून राहिले. भाकरी मोडली, पण घास तोंडाकडे गेला नाही. मला वाटलं, संपलं. चार शब्दांचा सौदा होता, तो मिठानं विरघळला.

सकाळी उठले तर हे अंघोळ करून उभे. अंगात लग्नाकार्याचा पांढरा शर्ट. पाळीला जायची वेळ होऊन गेली होती.

“अंबे, ऊठ. चल. त्या मॅडमना मी सांगतो. पोरीची चूक न्हाय म्हणून.”

“तुमी?” मी म्हणाले.

“मग कोण? मीठ कुणी घातलं?”

आमच्या तिघांपैकी कुणीच कधी तसल्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं, चार दिवस गेलेल्या अंबिकाशिवाय. लांबच लांब फरशी, फरशीत आपलीच सावली. लॅबमध्ये दाराशी बायका-पुरुष छान कपड्यांत बसले होते. मी भिंतीला लागून उभी राहिले. ह्यांनी दोन्ही हात खिशात घातले होते. अंबिका त्यांच्या मागे, बाटली मुठीत झाकून.

मॅडम आत आल्या, पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या. त्या कुणाला बोलावणार तोच हे पुढं झाले. चार लोकांत हसतील म्हणून आयुष्यभर मागे उभा राहिलेला माणूस सगळ्यांच्या आधी पुढं गेला होता.

“मॅडम, एक सांगायचंय. ह्या पोरीची बाटली बिघाडली. ती तिनं न्हाय बिघाडली. मी बिघाडली. मी मीठ घातलं.”

“मीठ?” मॅडम म्हणाल्या.

“डाईंगला हाय मी. रंग धरायला मीठ घालतो आमी. तसं घातलं.”

मागची काही मुलं फिस्सकन हसली. ह्यांच्या मानेवर लाली चढलेली मला मागून दिसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मुलांकडे एकदा बघितलं, हसू थांबलं.

“दाखवा बरं,” त्या म्हणाल्या.

अंबिकानं मूठ उघडली. मॅडमनी बाटली खिडकीपाशी धरली, आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे वा. हे तर मी आज करून दाखवणारच होते.” त्यांनी टेबलावरची एक ताजी लाल बाटली घेतली, मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ तिच्यात टाकलं, हलवलं. सगळ्यांदेखत डाळिंबाचं जांभूळ झालं. सगळे आ वासून बघत राहिले.

“आता सांगा,” त्या म्हणाल्या, “का झालं असं?”

एका मोठ्या शाळेतल्या मुलीनं हात वर केला आणि इंग्रजीत भराभर काहीतरी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बरोबर. हे तिच्याकडे बघत राहिले, मग मॅडमकडे, आणि मग वळून अंबिकाकडे. सगळ्यांसमोर, घरात विचारावं तसं म्हणाले,

“अंबे, काय म्हणतीया गं ती? मला कळंना.”

तिनं पाठ केलेलं सगळं त्या क्षणी कुठं गेलं कोण जाणे. तिथं लोक होते, फरशी होती, मॅडम होत्या. पण विचारणारे तिचे अप्पा होते. आणि अप्पांनी विचारलं की ती सांगायचीच, चुलीपुढं सांगायची तशी.

“अप्पा, ह्या लाल पाण्यात सोन्याचे कण हायत ना, ते एकमेकांवर रुसल्यागत असत्यात. सगळ्यांच्या अंगावर सारखाच विजेचा भार. म्हणून एक दुसऱ्याला ढकलतो. लांब लांब राहतात. म्हणून लाल दिसतं.”

“बरं.”

“मीठ पडलं की त्यांचा रुसवा जातो. मिठामुळं त्यांना एकमेकांचा भार जाणवंनासा होतो. मग ते जवळ येत्यात, चिकटत्यात. गठ्ठा झाला की रंग बदलला. लालाचं निळं.”

“आनि मग आमच्या टाकीत का न्हाय बिघडत? तितं तर पोतंभर घालतो.”

मुलं आता हसत नव्हती. तिनं जरा विचार केला.

“तुमच्या टाकीत सूत असतं की, अप्पा. सूत आन् रंग बी एकमेकांवर रुसल्यालेच असत्यात. मीठ रुसवा काढतं, मग रंग सुतावर जाऊन बसतो. हितं सूतच न्हाय. मग सोनं कुणावर बसणार? सोन्यावरच बसलं.”

हे डोकं खाजवत म्हणाले, “म्हंजे एवढी वर्सं मी रुसवे काढायचं काम करतोय व्हय?”

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पालक हसले, ती इंग्रजी बोलणारी मुलगी तर टेबलाला टेकून हसली. अंबिका हसली. हेसुद्धा हसले, आणि हसता हसता त्यांचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले, निळे, काळ्या नखांचे, आणि ते परत आत गेले नाहीत. मी दुसरीत असताना ऐकलं होतं ते हसू आणि हे हसू, दोन्ही माणसांचीच. पण एका हसण्यात माणूस एकटा पडतो आणि दुसऱ्यात सगळ्यांच्यात जाऊन बसतो. मला हा फरक तेव्हा कळला.

परत येताना बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत होते. अंबिका पुढच्या बाकावर तिच्यासारखंच कार्ड घातलेल्या एका मुलीशी बोलत होती. बराच वेळ गेल्यावर हे माझ्याकडे न बघताच म्हणाले,

“तोंड हाय की गं पोरीला.”

शिलाईच्या क्लासचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही.

मी देवापुढं बसले की फार मागत नाही, आणि आभारही मोठ्यानं मानता येत नाहीत. पण थंडी आली की माझ्या मनात ही माणसं येऊन जातात. दारात उभे राहून लई बोलते म्हणणारे माळी सर. नर्ससारखा कोट घातलेल्या त्या ताई, ज्यांचं नाव मला माहीत नाही आणि ज्यांना आम्ही माहीत नाही. आणि त्या मॅडम, ज्यांनी मिठाची बातमी ऐकून पहिल्यांदा बाटलीकडे बघितलं, माणसाकडे नाही. त्या रागावल्या असत्या तरी कुणी त्यांना नावं ठेवली नसती. सोन्याचं पाणी वाया गेलं होतं. त्यांनी ते वाया जाऊ दिलं नाही, एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर माझ्या मुलीचं सगळं पुढचं उभं राहिलं. केसाच्या जाडीच्या लाखाव्या भागाएवढी गोष्ट, पण तिचा रंग बघा.

ती जुनी बाटली अजून देवळीत आहे. निळा रंग काही दिवसांत गेला. आता आत स्वच्छ पाणी आहे आणि तळाशी बोटाच्या ठशाएवढा काळसर गाळ. नरसक्का येता-जाता विचारते, “सोनं गेलं व्हय गं?” मी म्हणते, “न्हाय. खाली बसलंय.”

अंबिका आता त्याच कॉलेजात शिकते. सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. जानेवारीतल्या शिबिरात शाळेतल्या मुलांना दाखवायला मॅडम तिला बोलावतात. काल बसमध्ये चढणारी ती कार्डाची दोरी गुंडाळणारी मुलगी तिच्याच टेबलावर गेली असेल.

आज सकाळी ती निघत होती. ह्यांनी डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं, कागदाची पुडी बांधली आणि तिच्या हातावर ठेवली. दर वर्षी ठेवतात. आज हात केशरी होते.

“लॅबमधी मीठ हाय, अप्पा.”

“असंल. त्या मिठानं कुणाचा रुसवा काढलाय का कधी? हे ने.”

तिनं पुडी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवली आणि निघाली. दाराबाहेर नरसक्का भेटली असावी. कारण मी परातीत आधणाचं पाणी ओतलं, वाफ वर आली, आणि मागांच्या खटखटीतूनही अंबिकाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.